चटर्जीसाहेबांचा थर्मास

बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, पण चार मित्र जमले की बँकेतली एकही गोष्ट तोंडी येत नाही. येतात त्या सगळ्या बनारसच्या त्या एका फुटबॉल हंगामातल्या. बरं, मी त्या कधी लिहूनही ठेवल्या नाहीत. एक सांगायला घेतली की तिचं शेपूट धरून दुसरी येते, आणि बायको आतून ओरडते, "झाली का सुरू तुमची लीग!"

झालं असं, की माझी बदली सांगलीहून थेट बनारसला झाली. ब्रह्माघाटावर मराठी वस्ती आहे एवढं ऐकून होतो, म्हणून तिथेच खोली घेतली. घरमालक अण्णागुरुजी. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंचे ते उपाध्याय. आजोबा-पणजोबांपासून हाच व्यवसाय, आणि त्यात हे फुटबॉलचं वेड! त्यांचा स्वतःचा क्लब होता, ब्रह्माघाट स्पोर्टिंग. पहिल्या दिवशी मी रिक्षातून टाइपरायटर उतरवला आणि दुसऱ्या दिवशी क्लबचा सचिव झालो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"सांगलीकर, तुम्हाला इंग्लिश टायपिंग येतं ना? मग झालं तर! मी कब से तुमचाच इंतजार करत होतो."

त्या वर्षी देशाच्या व्यावसायिक लीगने वरच्या गटाखाली आणखी एक गट काढला होता. अण्णांनी अर्ज ठोकला. दहा क्लब. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावी आणि एकदा त्यांच्या. पहिले दोघे वरच्या गटात जाणार, शेवटचे दोघे लीगबाहेर. बाहेर म्हणजे सरळ जिल्ह्याच्या स्पर्धेत! अण्णा सत्तरीला टेकलेले. ते म्हणायचे, "वर जायची मला हौस नाही. फक्त बाहेर पडायचं नाही. एकदा पडलो तर माझ्या हयातीत परत येणं नाही."

बस, वर्षभर आमची सगळी धडपड एवढ्यासाठीच होती.

* * *

लीगमध्ये शिरायला लायसन लागतं. मैदान पाहिजे, कपडे बदलायची खोली पाहिजे, डॉक्टर पाहिजे, फॅक्स असलेलं ऑफिस पाहिजे. फॅक्सचं यंत्र अण्णांच्या देवघराबाहेर बसवलं. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, त्याला पहिल्याच दिवशी हळदकुंकू लावलं. ते कुंकू काही दिवस प्रत्येक फॅक्सच्या कडेला उमटत असे.

हे सगळं जमलं. अडलं ते एका अटीवर, की क्लबचा सोळा वर्षांखालचा संघ पाहिजे. तो आमच्याकडे नव्हता. तपासणीला चार आठवडे उरले होते. अण्णांनी शेजारच्या वेदपाठशाळेतले बावीस विद्यार्थी उचलले, "हा आमचा ज्युनियर संघ!"

लीगचे तपासनीस आले. समोर बावीस शेंड्या, बावीस धोतरं आणि बावीस कोऱ्या जर्सी. त्यांनी एकाला सहज विचारलं, "ऑफसाइड काय असतं, सांगशील?"

त्याने डोळे मिटले आणि सुरू झाला. नियमांच्या पुस्तकातलं आख्खं कलम, स्वल्पविरामासकट, एका दमात! तो थांबला तर शेजारच्याने पुढचं कलम उचललं. मग सगळ्यांनी मिळून एका सुरात थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर. तपासनिसांच्या हातातलं पेन हातातच राहिलं.

"अद्भुत!" ते म्हणाले. "मगर ये खेलते कैसे हैं?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "अभी पाठांतर हुआ है. अर्थ अगले साल शुरू करेंगे."

लायसन मिळालं. तेही 'एका वर्षाच्या मुदतीवर' असा शेरा मारून!

* * *

मग लीगचा फॅक्स आला. सामन्यांचं वेळापत्रक ठरवायचं आहे, तुमच्या शहरात ज्या दिवशी सामना घेणं अवघड आहे अशा तारखा कळवा.

अण्णा पंचांग घेऊन बसले आणि मी टाइप करायला बसलो. एकादश्या, अमावास्या, पौर्णिमा, ग्रहणं, अन्नकूट, रामलीलेचे दिवस, नाटी इमलीचा भरतमिलाप, रंगभरी एकादशी. पाच पानं झाली. पाठवून दिली.

लीगकडून उलट उत्तर आलं, "आपल्या शहरात ज्या दिवशी काहीच नसतं, तेवढ्या तारखा कळवाव्यात."

अण्णांनी दोन दिवस विचार केला. पंचांग पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. मग मला बोलावून एका ओळीचा फॅक्स सांगितला, "असा दिवस नाही."

लीग वैतागली असणार. त्यांनी डोळे मिटून तारखा टाकल्या. आधी काही सामने परगावी आणि घरचा पहिलाच सामना आला देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी! आता देवदिवाळीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, घाटांवरचे दिवे बघायला ही गर्दी! बनारसमध्ये हॉटेल सोडा, हॉटेलच्या गच्चीवरसुद्धा जागा मिळत नाही. आणि नियम असा, की पाहुण्या संघाची राहण्याची सोय घरच्या क्लबने करायची.

"त्यात काय एवढं?" अण्णा म्हणाले. "घराला लागून आपली यात्रेकरूंची धर्मशाळा आहे की!"

* * *

पहिला संघ आला गोव्याचा. गल्लीत बॅगा उतरल्या आणि अण्णा लाल फडक्यात गुंडाळलेली एक कोरी वही घेऊन दारात बसले.

उपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. कोण आलं, कुठल्या गावाहून, बापाचं नाव, आजोबांचं नाव, खाली सही. शंभर वर्षांनी नातू आला तरी त्याला आजोबाची सही दाखवता येते. अण्णांच्या मते त्यांच्या छपराखाली झोपेल तो वहीत आलाच पाहिजे, मग तो तर्पणाला आलेला असो की सेंटर फॉरवर्ड म्हणून. फुटबॉलवाल्यांसाठी त्यांनी वेगळी वही घातली होती, एवढंच.

"आजोबांपासून सुरू करा," ते प्रत्येकाला म्हणायचे. शिवाय जन्मतारीख, आणि चेहऱ्यावर काही खूण असेल तर तीही! गोव्याच्या गोलकीपरला आजोबांचं नाव आठवेना. तो बिचारा गल्लीच्या तोंडावरच्या एसटीडी बूथवर गेला, आईला फोन लावला, आणि वीस मिनिटांनी डोळे पुसत परत आला. आजोबांचंच काय, पणजोबांचंही नाव घेऊन आला. अण्णांनी दोन्ही लिहून घेतली.

फक्त एक माणूस वहीत नाव लिहायला तयार होईना. तो म्हणजे मॅच कमिशनर, चटर्जीसाहेब.

मॅच कमिशनर हा लीगने पाठवलेला तटस्थ अधिकारी. खेळाडूंची ओळखपत्रं तपासायची, सामना नियमाने होतो की नाही ते बघायचं आणि अहवाल धाडायचा. चटर्जीसाहेब जमशेदपूरचे निवृत्त हेडमास्तर, आणि आमच्या घरच्या बहुतेक सामन्यांना तेच यायचे. बगलेत काळी बॅग, खांद्याला निळा थर्मास. भेटवस्तू घेऊ नये असा लीगचा नियम होता. साहेब चहालासुद्धा भेटवस्तू समजत.

काकूंनी कप पुढे केला की हात जोडून म्हणायचे, "नहीं माताजी, हम न्यूट्रल आदमी है." आणि आमच्याच ओसरीवर बसून आपल्या थर्मासमधला गार झालेला चहा प्यायचे! काकूंच्या जिवाला ते फार लागायचं. दारात आलेला माणूस स्वतःचा चहा घेऊन येतो, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

* * *

गोव्याच्या कोचने मात्र सामन्याच्या आदल्या दिवशी लेखी तक्रार दिली. धर्मशाळेत अंडं नाही, मासळी नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. वरण, भात, भोपळ्याची भाजी. घरचा क्लब मुद्दाम आमच्या खेळाडूंना कमजोर करतोय!

चटर्जीसाहेबांनी गंभीरपणे चौकशी लावली. एका बाजूला गोव्याचा कोच, दुसऱ्या बाजूला आमचे कोच पांडेजी. पांडेजी पूर्वी रेल्वेकडून खेळलेले, खास बनारसी. गालातलं पान बाजूला सारल्याशिवाय ते कुणालाही उत्तर देत नसत.

"आरोप खरा आहे का?" साहेबांनी हिंदीत विचारलं.

पांडेजींनी पान सरकवलं. "साहेब, हमारे लड़के भी तीन महीने से यही खा रहे हैं. तभी तो नौवें नंबर पर हैं!"

तक्रार मागे घेतली गेली. गोव्याच्या कोचने पांडेजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं मिळून अंडी शोधायला गेले.

* * *

दर सोमवारी अण्णा घाटावरच्या एका भिंतीवर गेरूने लीगचा तक्ता काढायचे. नावाडी, पंडे, गंगास्नानाला आलेल्या बायका, सगळे वाचायचे. शेवटच्या दोन नावांखाली जाड रेघ असे आणि आमचं नाव कधी त्या रेघेच्या वर, कधी खाली.

एकदा काकू स्नानाहून येताना थांबल्या. ओलं पातळ खांद्यावर, हातात तांब्या.

"अहो, जिंकल्यावर किती गुण?"

"तीन."

"हरल्यावर?"

"शून्य."

"आणि बरोबरी झाली तर?"

"दोघांना एकेक."

काकूंनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोघं गुण्यागोविंदाने राहिले तर दोघांत मिळून दोन, आणि एकाने दुसऱ्याला पाडलं तर तीन? कुणी बसून केले हे नियम?"

अण्णा वळून पुन्हा रेघ जाड करायला लागले. मी हा प्रश्न लीगला पाठवावा असा काकूंचा आग्रह होता. मी टाइप करून ठेवला होता, धीर झाला नाही.

* * *

आमचा हुकमी एक्का म्हणजे लालमुआना. मिझोरामचा. ब्रह्माघाटावर तिसऱ्या दिवशी त्याचा लाल्या झाला. हिंदी त्याला बेताची यायची. पण जेवायला रोज काकूंकडे, त्यामुळे मराठी झपाट्याने शिकला. गंमत अशी, की ऐकली फक्त काकूंची मराठी, तीही काकू अण्णांशी बोलतात ती!

लीगचा एक नियम फार जाचक. चार सामन्यांत पिवळं कार्ड मिळालं की पुढचा एक सामना बाहेर बसायचं. लाल्याची तीन झाली होती. शेवटच्या आधीचा सामना चालू होता आणि आम्ही तक्त्यात रेघेच्या जेमतेम वर. पंचाने लाल्याविरुद्ध फाउल दिला. लाल्याने चेंडू आपटला आणि पंच खिशात हात घालत त्याच्याकडे निघाला. मी डोळेच मिटले. लाल्याशिवाय शेवटचा सामना म्हणजे आटोपलंच की सगळं!

लाल्याने कमरेवर हात ठेवले आणि काकूंच्या ठेक्यात, मान वेळावून म्हणाला, "अहो, असं काय करता! रोज रोज तुम्हाला काय सांगायचं? जरा बघत जा ना नीट!"

पंच नागपूरचा होता. तो जागच्या जागी थबकला. मग त्याने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला.

सामना संपल्यावर पांडेजींनी त्याला विचारलं, कार्ड का नाही दिलंत? तो म्हणाला, "कसं देणार? तो आवाज ऐकला की माझा हात उचलतच नाही. सवय आहे घरची."

* * *

शेवटचा सामना फाल्गुनात, आमच्याच मैदानावर. समोर केरळचा संघ. त्यांना वरच्या गटात जायला विजय हवा होता. आम्हाला लीगमध्ये राहायला एक गुण पुरत होता. नुसती बरोबरी!

पाहुणे दोन दिवस आधी आले. धर्मशाळेत उतरले आणि रिवाजाप्रमाणे अण्णांच्या वहीत अठरा नावं चढली. आजोबा, वडील, गाव, जन्मतारीख, खूण, सही.

सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांचा मॅनेजर संघाला घेऊन नावेतून फिरायला गेला. मुन्शी घाटासमोर दिवा सोडायला तो वाकला आणि गळ्यातली बॅग पाण्यात! बॅगेत लीगने दिलेली अठरा ओळखपत्रं होती. नावाड्यांनी बुड्या मारल्या. बॅग मिळाली ती उघडी आणि रिकामी.

दुपारी मैदानातल्या खोलीत सगळे जमलो. तिकडे मॅनेजर रडवेला, त्याचे खेळाडू भिंतीला टेकून उभे. चटर्जीसाहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. ओळखपत्राशिवाय कुणाला खेळता येत नाही. संघ उतरला नाही तर सामना घरच्या क्लबला बहाल, तीन गुण. आजच्या आधीचा, तिऱ्हाइताच्या, म्हणजे त्या संघाबाहेरच्या माणसाच्या हातचा, खेळाडूच्या सहीचा काही लेखी पुरावा असेल तर मात्र कमिशनर आपल्या जबाबदारीवर मान्यता देऊ शकतो.

"ऐसा कोई कागज़ है?" साहेबांनी मॅनेजरला विचारलं. त्याने मान हलवली. लीगच्या ऑफिसात नुसती नावं आणि जन्मतारखा होत्या. फोटो आणि सह्या होत्या त्या कार्डांवरच.

पांडेजींनी टेबलाखालून माझा पाय दाबला. कशासाठी ते मला कळलं आणि मी खाली बघत राहिलो. वही लाल फडक्यात, धर्मशाळेच्या फडताळात होती. पाहुण्यांनी धर्मशाळेची रीत म्हणून तिच्यात सह्या केल्या होत्या, ती पुरावा होईल हे सुचलं ते आम्हा तिघांनाच. मला, पांडेजींना आणि अण्णांना.

अण्णा उठले. पांडेजी हळूच म्हणाले, "गुरुजी, चुप मारके बैठिए." अण्णा बाहेर गेले.

तासाभराने ते परत आले तेव्हा वही त्यांच्या डोक्यावर होती. धापा टाकत त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि फडकं सोडलं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. खरंच आला. वर्षभर कुणासाठी टायपिंग केलं मी?

"गुरुजी," चटर्जीसाहेब म्हणाले, "आपको मालूम है ना, ये वही नहीं होती तो आप बच जाते?"

"मालूम आहे," अण्णा मराठीतच म्हणाले. "पण हे माझ्या वहीत आहेत. परवा मी ह्यांच्या आजोबांची नावं विचारली, आणि आज ह्यांना ओळखत नाही म्हणू?"

साहेबांनी अठराही जणांना कोऱ्या कागदावर सही करायला लावली आणि एकेक सही वहीतल्या सहीशी ताडून पाहिली. जन्मतारखा लीगच्या यादीशी जुळवल्या. मग चेहऱ्यावरच्या खुणा. अकरा नंबरच्या पुढे अण्णांनी लिहिलं होतं, 'डाव्या भुवईवर जुनी खोक'. साहेबांनी चष्मा वर करून त्याची भुवई पाहिली आणि यादीवर सही केली. सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला.

आम्ही दोन-एक असे हरलो. लाल्याने आधी गोल मारला होता. मग त्यांनी फेडला. शेवटच्या पाच मिनिटांत दुसरा मारला तो अकरा नंबरने. डाव्या भुवईवर खोक असलेल्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या ओसरीवर लीगला शेवटचं पत्र टाइप करत होतो. अण्णा भिंतीवरचा तक्ता पुसून आले होते, हाताला गेरू तसाच होता. आणि दारात चटर्जीसाहेब उभे! बगलेत बॅग, खांद्याला थर्मास, तासाभराने गाडी.

अहवालात काहीतरी राहिलं असेल असं वाटून मी उठलो. साहेबांनी मला हातानेच बसवलं. खांद्यावरचा थर्मास काढला, झाकण उघडलं आणि तो मोरीपाशी उपडा केला. सगळा चहा वाहून गेला.

"गुरुजी," ते म्हणाले, "अभी आपका क्लब लीग में नहीं है. अभी हम आपके घर चाय पी सकता है."

आत काकूंनी भांडं खळखळून विसळल्याचा आवाज आला. साहेब सतरंजीवर मांडी घालून बसले. अण्णांनी गेरूचे हात धोतराला पुसले, फडताळातून वही काढली आणि कोरं पान उघडलं.

"आजोबांपासून सुरू करा," अण्णा म्हणाले.